स्टेबल आयसोटोपचं काम पहिल्यांदा करताय? बाटली भरायच्या आधी हे वाचा

पीएचडीच्या पहिल्या वर्षी सर म्हणाले, "विहिरींचे आयसोटोप करून घे." (आयसोटोप म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू, पुढे नीट सांगते.) मी पुरंदर तालुक्यातल्या एका पाझर तलावाखालच्या विहिरींवर काम करत होते. प्रश्न साधा होता, तलावात अडवलेलं पाणी खालच्या विहिरींना खरंच मिळतं का, की त्या विहिरी नुसत्या पावसाच्या मुरलेल्या पाण्यावर चालतात. गावात दोन्ही बाजूंनी ठामपणे बोलणारी माणसं होती आणि पुढच्या वर्षी तलावातला गाळ काढायला पैसे घालायचे की नाही हे त्यावर ठरणार होतं, म्हणजे प्रश्न नुसता थीसिसचा नव्हता. मी बाटल्या घेतल्या, पाणी भरलं, लॅबला पाठवलं, तीन महिन्यांनी आकडे आले आणि त्या आकड्यांवरून काहीच सांगता येईना. अख्खं वर्ष गेलं.

आता माझ्याकडे जिऑलॉजी, बॉटनी, आर्किऑलॉजी, फिशरीज, ॲग्री अशा सगळ्या विभागांतली मुलं विचारायला येतात. विषय वेगळे, पण अडकतात त्याच चार-पाच जागी. मशीन फार क्वचित चुकतं, चूक होते ती नमुना घेतो त्या दिवशी, किंवा त्याच्याही आधी प्रश्न ठरवताना. म्हणून सगळं क्रमाने लिहितेय.

१. डेल्टा म्हणजे काय ते एकदा नीट समजून घ्या

ऑक्सिजनचे बहुतेक अणू १६ वजनाचे असतात, पण समुद्राच्या पाण्यात दर १०,००० अणूंमागे साधारण २० अणू १८ वजनाचे असतात. दोघंही स्थिर, किरणोत्सर्गी नाहीत, त्यामुळे कार्बन-१४ सारखं वय यातून थेट निघत नाही (हा गैरसमज जवळजवळ प्रत्येकाचा असतो). फरक फक्त वजनाचा. वजनामुळे वाफ होताना हलके रेणू आधी सुटतात, जड मागे राहतात, आणि पाऊस पडताना उलटं, जड आधी खाली येतात. झाडाने हवेतला कार्बन घेतला, प्राण्याने झाड खाल्लं, जिवाणूने नायट्रेट मोडलं, अशा प्रत्येक ठिकाणी हे प्रमाण थोडंसं सरकतं आणि त्या सरकण्यावरून मागे काय घडलं ते ओळखायचं, एवढीच सगळी कल्पना आहे.

हे सरकणं इतकं बारीक असतं की टक्क्यात लिहून उपयोग नाही, म्हणून दर हजारी, म्हणजे पर मिलमध्ये लिहितात, आणि तेही एका ठरलेल्या स्टँडर्डच्या तुलनेत. या आकड्यालाच डेल्टा म्हणतात. समजा पावसाच्या पाण्याचा डेल्टा-१८-ओ (१८ वजनाच्या ऑक्सिजनचा डेल्टा) -५ आला, तर याचा अर्थ स्टँडर्डमध्ये १०,००० मागे २० जड अणू असतील तर तुमच्या पाण्यात १९.९ आहेत. बास. उणे आकडा बघून घाबरू नका, त्याचा अर्थ फक्त स्टँडर्डपेक्षा हलकं.

स्टँडर्ड कुठलं ते मात्र प्रत्येक वेळी लिहायचं. पाण्यासाठी व्ही-स्मॉव (समुद्राच्या सरासरी पाण्यावर बेतलेलं), कार्बनसाठी व्ही-पीडीबी, नायट्रोजनसाठी हवा, गंधकासाठी व्ही-सीडीटी. पीडीबी म्हणजे अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनाच्या पीडी फॉर्मेशनमधलं बेलेम्नाइट नावाच्या प्राण्याचं जीवाश्म होतं, ते वापरून वापरून संपलं, म्हणून आता व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने ठरवलेली नवी मोजपट्टी चालते आणि पुढचा 'व्ही' त्या व्हिएन्नाचा. ऑक्सिजन तर दोन्ही मोजपट्ट्यांवर लिहितात, कार्बोनेटचा व्ही-पीडीबीवर आणि पाण्याचा व्ही-स्मॉववर, आणि दोन्हीत ३० पर मिलच्या आसपास फरक आहे! एका मुलाने दोन पेपरमधले आकडे तसेच एका ग्राफवर टाकले होते आणि दोन दिवस डोकं धरून बसला होता.

२. तुमच्या प्रश्नाला कुठला आयसोटोप लागतो ते ठरवा

इथे घाई करू नका. "सगळेच करून घेऊ, बघू काय निघतं" असं म्हणणाऱ्यांचे पैसे जातात. प्रत्येक मूलद्रव्य वेगळी गोष्ट सांगतं.

पाणी: हायड्रोजन आणि ऑक्सिजन, दोन्ही एकत्र मोजायचे. १९६१ मध्ये हार्मन क्रेग या शास्त्रज्ञाने दाखवलं की जगभरचं पावसाचं पाणी एका सरळ रेषेवर बसतं, डेल्टा-डी (डी म्हणजे जड हायड्रोजन) बरोबर ८ गुणिले डेल्टा-१८-ओ अधिक १०. पाणी उन्हात उघडं राहून आटलं की ते या रेषेच्या खाली उजवीकडे सरकतं, कमी उताराच्या रेषेवर, साधारण ४ ते ६. पाझर तलाव, शेततळं, कॅनॉल, सगळी उघडी पाणी अशी ओळखू येतात आणि माझ्या विहिरींचा प्रश्न यानेच सुटणार होता. पावसाच्या आयसोटोपची जागतिक नोंद १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून चालू आहे आणि त्यात मुंबई आणि दिल्ली ही दोन्ही ठिकाणं आहेत, तो डेटा फुकट मिळतो, आधी तो डाउनलोड करून बघा. आणि याच विषयातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट, विली डान्सगार्ड या डॅनिश शास्त्रज्ञाने १९५२ मध्ये कोपनहेगनला आपल्या अंगणात बिअरच्या बाटलीत नरसाळं लावून पाऊस धरला होता, पुढे त्याच माणसाच्या कामावर ग्रीनलंडच्या बर्फातून लाखभर वर्षांचं हवामान वाचणं उभं राहिलं. साधनं साधी चालतात, पद्धत साधी चालत नाही.

अन्न आणि शेती: इथे कार्बन (हलका १२ वजनाचा, जड १३ वजनाचा). झाडं हवेतला कार्बन दोन मुख्य पद्धतींनी घेतात. भात, गहू, तूर, हरभरा, भुईमूग, बहुतेक सगळी झाडंझुडपं ही सी-३, त्यांचा आकडा -२७ च्या आसपास. ज्वारी, बाजरी, मका, नाचणी, ऊस ही सी-४, आकडा -१३ च्या आसपास. दोघांत एवढं अंतर आहे की हाडात, केसात, दुधात, मधात सगळीकडे ते दिसतं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे सोलापूरकडचा भाकरी खाणारा मुलगा कोकणात भात खायला गेला तर ते त्याच्या केसाच्या लांबीवर उतरलेलं दिसायला हवं. पण लगेच भाळू नका, चहातली साखर आणि गूळ दोन्ही उसाचे, म्हशीला कडबा घातला तर दूधही सी-४ कडे झुकतं, म्हणजे "सी-४ दिसलं म्हणून ज्वारी खाल्ली" असं म्हणता येत नाही. आणि ज्वारी की बाजरी हे तर कार्बनवरून कधीच कळणार नाही, दोन्ही एकाच खान्यात.

मधातली भेसळ याच तत्त्वावर पकडतात. मधमाश्या बहुतेक सी-३ फुलांवर जातात, त्यात उसाची साखर मिसळली की मधाचा आकडा वर येतो. मधातलं प्रोटीन वेगळं काढून त्याच्याशी तुलना करतात आणि दोघांत १ पर मिलपेक्षा जास्त फरक असला तर संशय. पण तांदळाचा पाक मिसळला तर? तांदूळ सी-३, या टेस्टला तो दिसतच नाही. विद्यार्थ्यांना मी हे मुद्दाम सांगते, कारण आयसोटोप काय सांगू शकत नाही ते आधी कळलं पाहिजे.

कोण कोणाला खातं: यासाठी नायट्रोजन. अन्नसाखळीत एक पायरी वर गेलं की डेल्टा-१५-एन (जड नायट्रोजनचा डेल्टा) साधारण ३ ते ४ पर मिलने वाढतो, कार्बन जेमतेम १ ने. खाडीतले मासे, जंगलातले प्राणी, प्राचीन काळची माणसं, सगळीकडे हेच वापरतात. नायट्रेट प्रदूषणालाही नायट्रोजन वापरतात. रासायनिक खताचा नायट्रोजन हवेतून बनवलेला असल्याने शून्याच्या आसपास, शेणखत आणि सांडपाणी त्याच्या बरंच वर. पण विहिरीतल्या नायट्रेटचा काही भाग जिवाणूंनी मोडला असेल तर उरलेलं आपोआप जड होतं, म्हणजे खत असूनही सांडपाण्यासारखं दिसतं. म्हणून नायट्रेटचा ऑक्सिजनही सोबत मोजायचा, जिवाणूंनी मोडलं असेल तर दोन्ही मिळून वर चढतात. अरबी समुद्राच्या मधल्या कमी ऑक्सिजनच्या थरात हेच घडतं आणि गोव्याच्या दोना पावलाला एनआयओमध्ये (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था) समुद्रातल्या नायट्रोजनवर वर्षानुवर्षं काम चालू आहे.

जुनं हवामान: गुहेतल्या चुन्याच्या थरांचा ऑक्सिजन. मेघालयातल्या मॉम्लुह गुहेतल्या एका थरावरून ४,२०० वर्षांपूर्वी सुरू झालेल्या काळाला २०१८ मध्ये अधिकृतपणे 'मेघालयन' नाव मिळालं, जगाच्या भूशास्त्रीय कालपटावर आपल्या देशातल्या गुहेचं नाव आहे आणि ते आयसोटोपच्या आकड्यामुळे आहे याचा मला फार अभिमान वाटतो. आपल्याकडे दख्खनचा बेसॉल्ट, त्यात अशा गुहा होत नाहीत, त्यामुळे महाराष्ट्रात हे काम करायचंच असेल तर तळ्यातला गाळ किंवा झाडांच्या वाढीची वलयं बघावी लागतात.

स्थलांतर: पावसातला हायड्रोजन पाण्यातून आणि अन्नातून पिसांत आणि पंखांत उतरतो. मालदीवमध्ये येणाऱ्या चतुरांचे पंख तपासून २०१२ मध्ये दाखवलं गेलं की ते उत्तर भारताच्या बाजूने समुद्र ओलांडून येतात. पावसाळा संपताना घिरट्या घालणारे ते पिवळसर चतुर, तेच. याशिवाय डॉक्टरी, खेळाडूंची डोपिंग टेस्ट (बाहेरून घेतलेलं टेस्टोस्टेरॉन बहुतेक वनस्पतींपासून बनवलेलं असल्याने त्याचा कार्बन शरीरातल्यापेक्षा हलका येतो), पोटातल्या एच. पायलोरी जंतूसाठी कार्बन-१३ वाली श्वासाची तपासणी, ही यादी बरीच लांबेल.

आता एक कागद घ्या आणि तीन ओळी लिहा: माझा प्रश्न काय, त्याची शक्य उत्तरं कोणती, आणि प्रत्येक उत्तर खरं असेल तर आकडा किती यायला हवा. दोन उत्तरांचे आकडे सारखेच येणार असतील तर काम तिथेच थांबवा आणि दुसरी पद्धत शोधा.

३. लॅब आधी, नमुने नंतर

सगळे उलटं करतात. आधी पिशव्या भरून नमुने आणतात आणि मग लॅब शोधत फिरतात. भारतात ही सोय अहमदाबादच्या पीआरएलमध्ये (भौतिक संशोधन प्रयोगशाळा), पुण्यात आयआयटीएममध्ये (उष्णदेशीय हवामान संस्था), रुरकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेत, लखनौच्या बिरबल साहनी संस्थेत, मुंबईच्या बीएआरसीमध्ये, गोव्यात एनआयओ आणि एनसीपीओआरमध्ये (ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र), बंगळूरच्या आयआयएससीत आहे. पण प्रत्येक ठिकाणी सगळंच होत नाही आणि बाहेरच्यांचे नमुने घेण्याचे नियमही वेगळे असतात. तुमच्या गाईडनी आधी मेल टाकलेला बरा.

मेलमध्ये हे विचारा: कुठल्या प्रकारचा नमुना घेता, किती मिलिलिटर किंवा मिलीग्रॅम लागतो, तयारी आम्ही करायची की तुम्ही, कुठल्या बाटलीत पाठवायचं, कुठले रेफरन्स मटेरियल (आकडा आधीच पक्का माहीत असलेले नमुने) वापरता, किती टक्के नमुने दोनदा चालवता, रांग किती आहे. शेवटचा प्रश्न विसरू नका, मशीन बंद पडलं की रांग लांबते आणि तुमची सबमिशनची तारीख कोणी थांबवत नाही.

४. नमुना घेण्याचा दिवस

या भागावर मी सगळ्यात जास्त बोलते कारण इथेच माझं वर्ष गेलं.

पाण्याचं आधी. बाटली जाड एचडीपीई प्लास्टिकची, झाकणाच्या आत कोनासारखी चकती असलेली, ५० किंवा १०० मिलिलिटरची. मी पहिल्या वर्षी कोल्ड्रिंकच्या धुतलेल्या बाटल्या वापरल्या होत्या. त्या मे महिन्यात गाडीच्या डिकीत दोन दिवस राहिल्या, लॅबमध्ये खोक्यातून काढल्या तेव्हा काही बाटल्यांत पाणी बोटभर खाली उतरलेलं होतं आणि झाकणाच्या आतून बारीक थेंब लटकत होते. ते थेंब बघितले तेव्हाच कळायला हवं होतं. पाणी थोडं जरी उडालं तरी उरलेलं जड होतं, आणि मी नेमकं तलावातलं आटलेलं पाणी शोधत होते, म्हणजे बाटलीत झालेलं आटणं आणि तलावात झालेलं आटणं यात फरक करायला काही मार्गच उरला नाही.

तर नियम असे. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची. पाण्याखाली धरून काठोकाठ भरायची, आत हवेचा बुडबुडा नको. झाकण घट्ट, वरून पॅराफिल्म (ताणून चिकटणारी मेणासारखी पट्टी) किंवा इन्सुलेशन टेप. ॲसिड टाकायचं नाही, पाण्याच्या ऑक्सिजन-हायड्रोजनसाठी त्याची गरज नसते. सावलीत ठेवायची. गढूळ असेल तर गाळून घ्या, पण गाळणी लावून तासभर उघडं ठेवू नका. विहिरीचं पाणी वरच्या थराचं घेऊ नका, तिथे ऊन लागलेलं असतं, पंप दहा-पंधरा मिनिटं चालू द्या आणि मग घ्या.

पावसासाठी साध्या पर्जन्यमापकात पाणी दिवसभर पडून राहिलं तर उडतं. एकतर रोज ठरलेल्या वेळी सकाळी काढा, नाहीतर महिन्याचं एकत्र साठवायचं असेल तर कॅनमध्ये लिक्विड पॅराफिनचा अर्धा-एक सेंटिमीटर थर टाका, तेल वर तरंगतं आणि पाणी झाकून ठेवतं. पण ते तेल पाण्याचे आयसोटोप मोजणाऱ्या लेझर मशीनमध्ये गेलं तर लॅबवाले तुम्हाला परत दारात उभं करणार नाहीत, त्यामुळे पाणी खालून सिरिंजने काढायचं. आणि प्रत्येक वेळी किती मिलिमीटर पाऊस पडला ते लिहायचंच, का ते पुढे येतं.

हाड आणि दात: हाड आयुष्यभर बदलत राहतं, म्हणून त्यातून शेवटच्या काही वर्षांचं सरासरी खाणं कळतं. दाताचं इनॅमल लहानपणी बनतं आणि मग बदलत नाही, म्हणून त्यातून बालपण कळतं. दोन्हींचा प्रश्न वेगळा, तुलना करताना हे विसरू नका. उत्खननातलं हाड आधी कोणी डिंकाने किंवा केमिकलने चिकटवलंय का ते विचारा.

मासे, किडे, मांस: फॉर्मलिन आणि अल्कोहोल दोन्हींमुळे आकडे सरकतात. बर्फात ठेवा आणि लवकरात लवकर वाळवा. म्युझियममधले जुने बाटलीतले नमुने वापरायचे असतील तर ते कशात ठेवले होते ते नोंदवा.

पानं: एकाच झाडाची उन्हातली आणि सावलीतली पानं वेगळा आकडा देतात. एका उंचीची, एका बाजूची घ्या, आणि पाच झाडांची घ्या, एकाच झाडाची पाच नव्हे.

५. टोकाचे नमुने विसरलात तर सगळं वाया

माझी दुसरी चूक बाटलीपेक्षा मोठी होती. विहिरीत दोन पाण्यांचं मिश्रण आहे असं म्हणायचं असेल तर त्या दोन्ही पाण्यांचे, म्हणजे मिश्रणाच्या दोन टोकांचे, आकडे माहीत पाहिजेत. हिशोबासाठी सोपे आकडे धरू. समजा पाऊस -३, तलाव +३, आणि विहीर -१. तर विहिरीत तलावाचा वाटा एक तृतीयांश. मी तलावाचं पाणी एकदाच घेतलं होतं, मे महिन्यात, जेव्हा तलावाच्या मध्यभागी गुडघाभर पाणी उरलं होतं, कडेला भेगा पडलेला चिखल आणि त्यात म्हशी बसलेल्या. अर्थात ते पाणी भयंकर जड होतं. पण विहिरींना पाणी मुरतं ते ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, तलाव भरलेला असताना, आणि तेव्हा तलावाचा आकडा समजा शून्य असेल तर तीच विहीर, तोच -१, आणि वाटा दोन तृतीयांश! एका चुकीच्या दिवसाच्या बाटलीमुळे उत्तर दुप्पट बदलतं.

दुसऱ्या वर्षी मी जूनपासून मेपर्यंत दर महिन्याला तलाव, पाऊस आणि विहिरी सगळं घेतलं. मग चित्र स्वच्छ दिसलं, बांधाच्या लगतच्या विहिरी पावसाच्या रेषेवरून सरकलेल्या होत्या आणि लांबच्या, ओढ्याच्या पलीकडच्या विहिरी रेषेवरच बसल्या होत्या. म्हणजे दोन्ही बाजूंनी बोलणारी माणसं आपापल्या विहिरीपुरती खरं बोलत होती.

हेच तुमच्या विषयात लावा. माणसाच्या हाडावरून आहार काढताय तर त्याच साइटवरच्या जनावरांची हाडं पाहिजेत. मासा काय खातो बघताय तर त्याच खाडीतलं शेवाळ, शिंपले, चिखल पाहिजे. परदेशी पेपरमधले आकडे उसने घेऊ नका, तिथली माती वेगळी, खत वेगळं. आणि एकाच आयसोटोपने दोनपेक्षा जास्त उगम वेगळे करता येत नाहीत, दोनाने तीन, हा नुसता गणिताचा नियम आहे. त्याहून जास्त उगम असतील तर 'आर' या संगणकभाषेतलं सिमर किंवा मिक्ससायर हे पॅकेज वापरतात, पण तेही शक्यता देतं, चुकीचे उगम घातले तर सुंदर दिसणारा चुकीचा ग्राफ मिळतो.

६. लॅबमधली तयारी

घनपदार्थ ६० अंशाच्या खालीच वाळवायचे, फ्रीझ ड्रायर (गोठवून वाळवणारं यंत्र) असेल तर उत्तम, मग अगदी टाल्कम पावडरसारखे बारीक दळायचे. दोन नमुन्यांमध्ये खल अल्कोहोलने पुसून कोरडा करा. मग छोट्या टिनच्या कॅप्सूलमध्ये वजन करून घालायचं, कोलॅजेन (हाडातलं प्रोटीन) अर्धा मिलीग्रॅम, पानं दोन-तीन मिलीग्रॅम, माती त्याहून बरीच जास्त. कॅप्सूल चिमट्याने दुमडून गोळी करायची आणि काळ्या टाइलवर दोन-तीनदा टाकून बघायची, पावडरीचा कण सांडला तर पुन्हा करा. पहिल्या दिवशी माझ्या दहासुद्धा झाल्या नव्हत्या, हात बसायला वेळ लागतो, पंखा बंद करून बसा.

मातीत चुनखडी असेल तर ती ॲसिडने काढावी लागते, नाहीतर सेंद्रिय कार्बनचा आकडा वर ओढला जातो. आपल्याकडच्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे सर्रास असतात, थेंबभर ॲसिड टाका, फसफसलं तर आहे. पण ॲसिडने नायट्रोजनही सरकतो, म्हणून नायट्रोजनसाठी तोच नमुना वेगळा, ॲसिड न लावता चालवा. चरबी असलेल्या मांसात चरबीचा कार्बन हलका असतो, ती काढा किंवा दुरुस्ती लावा, आणि काय केलं ते लिहा.

हाडातलं कोलॅजेन काढायला थंडीत सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये खनिज विरघळवतात, मग जरा आंबट गरम पाण्यात प्रोटीन विरघळवून, गाळून, फ्रीझ ड्राय करतात. शेवटी जे मिळतं ते कापसासारखं पांढरं आणि हलकं असतं. तपकिरी चिकट आलं तर काहीतरी बिघडलंय. खरी परीक्षा कार्बन-नायट्रोजनच्या अणूंच्या गुणोत्तराची, ते २.९ ते ३.६ मध्ये बसलं नाही तर तो आकडा कितीही आवडला तरी टाकून द्यायचा. आपल्या गरम दमट हवेत जुन्या हाडातलं कोलॅजेन बऱ्याचदा उरतच नाही, म्हणून आधी दोन-चार तुकड्यांवर करून बघा, सगळी हाडं एकदम खर्ची घालू नका. तो तुकडा परत येत नाही.

वनस्पतीतून किंवा मातीतून काढलेलं पाणी लेझर मशीनवर चालवणार असाल तर त्यातला मिथेनॉलसारखा अंश आकडे बिघडवतो, ते लॅबला आधी सांगा, ते मास स्पेक्ट्रोमीटरवर (वजनानुसार वेगळं करून मोजणाऱ्या यंत्रावर) चालवतील.

७. सोबत काय काय लागतं

कागद: लॅबचा सबमिशन फॉर्म आणि गाईडच्या सहीचं पत्र. पुरातत्त्वाच्या वस्तूंसाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण किंवा राज्य पुरातत्त्व विभाग, ज्याच्या ताब्यात वस्तू असेल त्यांची लेखी परवानगी, त्यात नमुना नष्ट होणार हे स्पष्ट लिहिलेलं असावं. वन्यप्राण्यांच्या केस, हाड, पीस यासाठी वनखात्याची परवानगी, १९७२ चा वन्यजीव कायदा पडलेल्या पिसालाही लागू होऊ शकतो, म्हणून "जंगलात सापडलं" म्हणून खिशात घालू नका. जैविक नमुने परदेशात पाठवायचे तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम. जिवंत माणसांचे केस, नखं, श्वास घेणार असाल तर एथिक्स कमिटी.

सामान: बाटल्या (लागतील त्याच्या दीडपट), टेप, पेन्सिल, कारण मार्कर अल्कोहोलने आणि ओल्या हाताने पुसला जातो, जीपीएस, थर्मामीटर, ईसी मीटर (पाण्याची विद्युतवाहकता मोजणारं), आइसबॉक्स, वही.

एक्सेल शीट: नमुन्याचा नंबर, तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश, उंची, कोणी घेतला, काय हवामान होतं, कशात ठेवला. नंबर छोटा ठेवा, 'पी-०१' असा. 'रामभाऊंची वरची विहीर दुसरी फेरी' असं लेबल लिहिलं तर लॅबमध्ये ते कोणी टाइप करत नाही.

८. आकडे आल्यावर

लॅबने पाठवलेल्या शीटमध्ये आधी तुमचे नमुने बघू नका, स्टँडर्ड बघा. पाण्यासाठी डेल्टा-१८-ओमध्ये ०.१ आणि डेल्टा-डीमध्ये १ पर मिलच्या आसपास अचूकता चांगली. तुमच्या दोन विहिरींमधला फरक ०.१५ असेल तर त्यावर परिच्छेद लिहू नका. मोजपट्टी कमीत कमी दोन रेफरन्सवर बसवलेली असावी आणि तुमचे आकडे त्या दोघांच्या मध्ये पडावेत. लेझर मशीनला आधीच्या नमुन्याची आठवण राहते, म्हणून प्रत्येक पाणी सहा-सात वेळा टोचतात आणि पहिले काही आकडे सोडून देतात, ते सोडलेत ना विचारा. तलावाच्या जड पाण्यानंतर लगेच पावसाचं हलकं पाणी लावलं असेल तर हे हमखास बघा.

पावसाची वार्षिक सरासरी काढताना साधी सरासरी घेऊ नका. मेमधला वळवाचा ५ मिलिमीटर पाऊस आणि जुलैतला १०० मिलिमीटर पाऊस विहिरीच्या दृष्टीने सारखे नाहीत, प्रत्येक आकड्याला पावसाच्या मिलिमीटरने गुणून मग सरासरी काढायची. म्हणून वर लिहायला सांगितलं होतं.

जुन्या आणि आजच्या कार्बनची तुलना करताना कोळसा-पेट्रोलमुळे हवेतला कार्बन-१३ कमी होत चाललाय हे ध्यानात ठेवा, औद्योगिक क्रांतीच्या आधी हवा -६.५ च्या आसपास होती, आता -८.५ च्या जवळ. म्हणजे हजार वर्षांपूर्वीची ज्वारी आणि आजची ज्वारी यांची थेट तुलना केली तर दीड-दोन पर मिलचा फरक नुसत्या हवेचा असतो.

आणि उरलेले नमुने फेकू नका. माझ्या पहिल्या वर्षीच्या चांगल्या झाकणाच्या तीन बाटल्या सहा वर्षांनी परत चालवल्या, आकडे मशीनच्या अचूकतेच्या मर्यादेत तेच आले, आणि परीक्षकांनी नेमका त्यावरच प्रश्न विचारला होता. बाटलीवर टेप परत गुंडाळा, तारीख लिहा आणि कपाटात अंधारात उभी ठेवा, आडवी नको.